ज्योतीतल्या पिवळ्या रेषेपासून अणूपर्यंत: क्वांटम सिद्धांताची घरगुती सुरुवात

गॅसवर पिठलं उतू गेलं, चार थेंब बर्नरवर पडले की निळ्या ज्योतीला भसकन पिवळा रंग येतो. सोलापुरातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात हे अधूनमधून घडतंच. पुढच्या वेळी बर्नर पुसायची घाई करू नका, आधी ज्योत बघा. तो पिवळा रंग पिठल्यातल्या मिठाचा, म्हणजे मिठातल्या सोडियमचा. मीठ समुद्राचं असो की सैंधव, रंग तोच येतो. त्याची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर, ५८९ नॅनोमीटर. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) सूर्याच्या वातावरणातलं सोडियमसुद्धा याच जागी आपली खूण सोडतं. एका अणूने इतक्या काटेकोरपणे एकच रंग का धरून बसावं? अणू आणि प्रकाश कसे वागतात हे सांगणाऱ्या क्वांटम सिद्धांताचं दार या प्रश्नात आहे.

मी सोलापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. हा विषय सूत्रांपासून सुरू केला की बरीच मुलं पहिल्याच पानावर हबकतात. आधी डोळ्यांनी रेषा पाहिली, की तीच मुलं सूत्र मागायला येतात. म्हणून इथे क्रम तसाच ठेवलाय: बघायचं, मग मोजायचं, मग समजून घ्यायचं. गणित म्हणाल तर गुणाकार-भागाकार येत असला तरी पुरे. आठ-दहा संध्याकाळी मात्र मोकळ्या ठेवा.

पहिली पायरी: जुन्या सीडीचं ग्रेटिंग

कपाटात लग्नाची किंवा बारशाची जुनी सीडी सापडेल. घरी रेकॉर्ड केलेली सीडीच हवी, गाण्यांची छापील नको, कारण रेकॉर्ड केलेल्या सीडीचा चंदेरी थर सहज निघतो. आतलं चित्रीकरण दुसरीकडे उतरवून ठेवलंय ना, हे आईला विचारून घ्या.

सीडीच्या छापील बाजूवर ब्लेडने दोन-तीन ओरखडे मारा, त्यावर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. चंदेरी थर पट्टीबरोबर निघून येतो. उरलेला हिरवट-निळा रंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसला की पारदर्शक चकती हातात येते. ती गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा, म्हणजे कापताना तडकणार नाही. मग कात्रीने बाहेरच्या कडेजवळचा साधारण दोन सेंटिमीटरचा तुकडा कापा. कडेचाच तुकडा घ्यायचा, कारण सीडीवरच्या खाचा गोल फिरतात आणि कडेला त्यांची वक्रता सगळ्यात कमी असते. या खाचांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ६२५ खाचा. इतक्या दाट रेघांमधून जाताना प्रकाशाचे रंग सुटे होतात. अशा रेघांच्या तुकड्यालाच ग्रेटिंग म्हणतात.

आता चपलांचा किंवा चादरीचा खोका घ्या. एका टोकाला उभी खिडकी कापून तिच्यावर दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे धार समोरासमोर करून चिकटवा. मध्ये पोस्टकार्ड धरून ब्लेड चिकटवली आणि मग कार्ड काढून घेतलं, की हवी तेवढी बारीक आणि सरळ फट मिळते. दुसऱ्या टोकाला भोक पाडून त्यावर सीडीचा तुकडा लावा. खाचांची दिशा फटीला समांतर हवी. वर्णपट, म्हणजे सुट्या रंगांचा पट्टा, धूसर किंवा तिरका दिसला तर दहापैकी नऊ वेळा चूक इथेच असते. तुकडा थोडा फिरवून बघा. खोक्याच्या फटी काळ्या कागदाने बुजवा.

फट दिव्याकडे करा, डोळा सीडीच्या तुकड्याला लावा आणि सरळ न बघता साधारण २० अंश बाजूला बघा. खोक्याच्या आतल्या भिंतीवर रंगांचा पट्टा दिसेल.

सूर्याकडे हा खोका कधीही रोखू नका. दिवसा बघायचं तर पांढऱ्या ढगाकडे किंवा उन्हात ठेवलेल्या कोऱ्या कागदाकडे बघा.

दुसरी पायरी: गल्लीतले दिवे

इथे घाई करू नका. या पायरीला मी मुलांना अख्खा आठवडा देतो आणि प्रत्येकाला एक वही करायला लावतो. वहीत दिव्याचं नाव, दिसलेले रंग आणि पट्टा अखंड आहे की तुटक, एवढंच लिहायचं.

जुना तारेचा बल्ब मिळाला तर त्यापासून सुरुवात करा. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड पट्टा दिसतो, कुठेही खंड नाही. चुलीतल्या निखाऱ्याचा पट्टाही अखंडच, फक्त निळ्या बाजूला जवळजवळ काही नसतं. तापलेला घन पदार्थ असा सगळ्या रंगांचा प्रकाश देतो.

मग ट्यूबलाइट किंवा सीएफएल बघा. आता पट्टा तुटतो आणि ठळक रेषा दिसतात. जांभळट-निळी रेषा ४३६ नॅनोमीटरची, आणि हिरव्या भागातला ठसठशीत उजेड ५४६ च्या आसपासचा. निळी रेषा नळीतल्या पाऱ्याच्या वाफेची आहे. हिरव्यात पाऱ्याची रेषा असतेच, शिवाय सीएफएलच्या आतल्या पांढऱ्या लेपाचा प्रकाशही त्याला खेटून येतो.

पांढऱ्या एलईडीत निळ्याचा एक उंचवटा आणि पुढे पिवळ्याभोवती पसरलेला रुंद पट्टा दिसेल. एलईडी मुळात निळाच असतो. त्याच्यावरचा पिवळा लेप थोडा निळा प्रकाश गिळून पिवळा परत देतो. गिळलेला निळा आणि परत दिलेला पिवळा यांच्यात काहीतरी हिशेब आहे, एवढं वहीत लिहून ठेवा. चौथ्या पायरीला तो लागेल.

ज्या रस्त्यावर अजून पिवळे सोडियम दिवे आहेत तिथे मुद्दाम जा. पिवळ्याच्या ऐन मध्यावर, ५८९ पाशी, एक काळी चीर दिसते. दिव्याच्या नळीत आतली वाफ फार तापलेली असते आणि बाहेरच्या बाजूची त्यामानाने थंड. आतल्या सोडियमने सोडलेला नेमका तोच पिवळा बाहेरचं सोडियम गिळून टाकतं. जो अणू जो रंग देतो, तोच रंग तो घेतोही.

सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषांचं कारणही हेच. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८१४ मध्ये त्या नीट नोंदवल्या. फट पुरेशी बारीक असेल तर ढगाच्या उजेडात त्यातल्या दोन-तीन तुम्हालाही दिसतील.

या रेषांचा आपल्या जिल्ह्याशी जुना संबंध आहे, आणि तो सांगताना मला दर वेळी अंगावर रोमांच येतात. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला आपली उपकरणं घेऊन करमाळा तालुक्यातल्या जेऊरला आले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेलही जेऊरलाच तळ ठोकून होते. चंद्राने सूर्य पूर्ण झाकला की काही क्षण त्या काळ्या रेषांच्या जागी चमकत्या रेषा उमटतात, त्या टिपायच्या होत्या. त्यांच्याकडे रेषा होत्या, रेषांची मोजमापं होती. पण अणू नेमक्या त्याच जागी रेषा का पाडतो हे तेव्हा जगात कुणालाच माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोधच मुळी आदल्या वर्षी, १८९७ मध्ये, लागला होता.

तिसरी पायरी: चांदणी आणि तीन रंग

माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रयोग हा, आणि सगळ्यात स्वस्तही. स्टेशनरीच्या दुकानात अंधारात चमकणाऱ्या चांदण्या मिळतात, लहान मुलांच्या खोलीत छताला लावतात त्या. एक चांदणी रात्रभर कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, म्हणजे ती पूर्ण विझेल. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत उघडा आणि तिच्यावर आधी लाल एलईडीचा उजेड पाडा. सायकलच्या मागचा लाल दिवा चालेल. एक मिनिट, पाच मिनिटं, हवं तर दोन दिवे लावा. दिवा विझवलात की चांदणी काळीच.

आता निळा एलईडी पाच सेकंद धरा. चांदणी लख्ख हिरवी उजळते. दुकानदार नोटा तपासायला वापरतात ती जांभळी बॅटरी मिळाली तर चांदणीवर बोटभर अंतरावरून रेघ ओढा. अंधारात ती रेघ खडूने काढल्यासारखी चमकत राहते. बॅटरी कुणाच्याही डोळ्यांवर मारायची नाही.

एका मुलाने वर्गात लालचे चार दिवे एकत्र बांधून आणले होते. दहा मिनिटं धरून शेवटी म्हणाला, "सर, कितीबी जोर लावला तरी होईना की!" हे "होईना की" फार महत्त्वाचं आहे. प्रकाश म्हणजे नुसती लाट असती, तर लाल लाट जोरात आणि बराच वेळ आदळल्यावर कधीतरी पुरेशी ऊर्जा साठायला हवी होती. भांडं थेंबाथेंबाने भरतं तसं. इथे तसं साठत नाही.

उत्तर असं: प्रकाश पदार्थाला ऊर्जा देतो ती पुड्यापुड्यांनी. एका पुड्याला फोटॉन म्हणतात. एक इलेक्ट्रॉन साधारणपणे एका वेळी एकच फोटॉन घेतो. पूर्ण घेतो किंवा अजिबात घेत नाही. लाल फोटॉनची ऊर्जा चांदणीतल्या इलेक्ट्रॉनला उचलायला अपुरी पडते. दिवे वाढवले की फोटॉनची संख्या वाढते, एकेकाची ऊर्जा तेवढीच राहते. निळ्या फोटॉनमध्ये ती पुरेशी असते. निळ्या फोटॉनने वर उचललेला इलेक्ट्रॉन पदार्थातल्या खाचखळग्यांत अडकतो, खोलीच्या उबेने हळूहळू सुटतो आणि खाली येताना हिरवा प्रकाश देतो. म्हणून ती चमक बराच वेळ टिकते.

धातूवर प्रकाश पडल्यावर इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात, त्या प्रकाशविद्युत परिणामाचं स्पष्टीकरण आइन्स्टाइनने १९०५ मध्ये याच विचाराने दिलं आणि १९२१ चं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. आपल्या चांदणीत इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाही, पदार्थातच राहतो. एकेका फोटॉनची ऊर्जा ठरावीक मर्यादा ओलांडणारी हवी, हा उंबरठ्याचा नियम मात्र तोच.

सोलापूरकरांना हे कळायला खरं तर चांदणीचीही गरज नाही. गच्चीवर उन्हाळाभर वाळत घातलेली चादर विटते, पण चुलीच्या उबेजवळ ठेवलेली चादर कितीही गरम झाली तरी तशी विटत नाही. उन्हातले अतिनील आणि जांभळे फोटॉन रंगाच्या रेणूतले बंध तोडू शकतात. चुलीच्या उष्णतेत फोटॉन भरपूर असतात, पण एकेकटे फार दुबळे.

चौथी पायरी: १२४० हा आकडा पाठ करा

मूळ नियम मॅक्स प्लांकचा. तापलेल्या वस्तूचा अखंड पट्टा समजावताना त्याने १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये मांडलं, की ऊर्जेची देवघेव ठरावीक पुड्यांनी होते असं धरलं तरच हिशेब जुळतो. एका पुड्याची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाची वारंवारता (सेकंदाला किती लाटा येतात ती संख्या). हा स्थिरांक इतका लहान आहे, की ६.६२६ ला १ वर ३४ शून्यं एवढ्या संख्येने भागावं लागतं, तेव्हा तो जूल-सेकंदात मिळतो. म्हणूनच रोजच्या व्यवहारात पुडे जाणवत नाहीत. चादर लांबून सपाट दिसते, मागावर उभं राहिलं की धागा अन् धागा मोजता येतो, तसंच हे.

किती पुडे? एक मिलिवॉटचा साधा लाल लेसर पॉइंटर घ्या. त्यातून दर सेकंदाला सुमारे तेहतीस कोटी गुणिले एक कोटी इतके फोटॉन बाहेर पडतात.

रोजच्या हिशेबाला सोपी वाट आहे. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, की एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे एका व्होल्टमधून जाताना एका इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा. वही उघडा आणि करून बघा. लाल एलईडी ६३५: सुमारे १.९५. सोडियम ५८९: सुमारे २.१. निळा एलईडी ४६०: सुमारे २.७. नोटांची जांभळी बॅटरी ३९५: सुमारे ३.१. चांदणी लालला का बधली नाही हे आता आकड्यांत दिसतं. पांढऱ्या एलईडीचा लेप निळा घेऊन पिवळा का देतो, हेही: जास्त ऊर्जेचा पुडा घेऊन कमी ऊर्जेचा देता येतो, उरलेली ऊर्जा उष्णतेत जाते.

पाचवी पायरी: हायड्रोजनची बारव

आता रेषांकडे परत. सोडियमचा फोटॉन नेहमी २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचाच का? कारण अणूतल्या इलेक्ट्रॉनला वाटेल ती ऊर्जा घेऊन राहता येत नाही. पायऱ्यांची जुनी बारव डोळ्यांसमोर आणा. पायरीवर उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आलात की जेवढं अंतर उतरलात तेवढ्या ऊर्जेचा एक फोटॉन बाहेर पडतो.

हायड्रोजनच्या बारवेची मापं नील्स बोरने १९१३ मध्ये दिली. जमिनीपासून खोली मोजायची: सगळ्यात खालची पायरी १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर. पायरीच्या क्रमांकाच्या वर्गाने १३.६ ला भागलं की त्या पायरीची खोली मिळते. दुसरी ३.४ वर, तिसरी १.५१ वर, चौथी ०.८५ वर. वर जावं तशा पायऱ्या दाट होत जातात आणि जमिनीवर आलात की इलेक्ट्रॉन अणूतून सुटला.

आता गणित तुम्हीच करा. तिसरीवरून दुसरीवर: ३.४ वजा १.५१, म्हणजे १.८९. १२४० भागिले १.८९, उत्तर ६५६ नॅनोमीटर, तांबडी रेषा. चौथीवरून दुसरीवर: २.५५, म्हणजे ४८६, निळसर-हिरवी. पाचवीवरून दुसरीवर आलात तर ४३४ यायला हवं. प्रयोगशाळेतल्या हायड्रोजनच्या नळीत रेषा बरोबर याच जागी दिसतात. ओळखीतून कॉलेजच्या प्रयोगशाळेत जायला मिळालं तर आपला खोका घेऊन जरूर जा. दुसरीवरून पहिलीवर येतानाचा फोटॉन १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, म्हणजे १२२ नॅनोमीटरचा. तो अतिनील, डोळ्यांना दिसत नाही.

जेऊरच्या फोटोंवर उमटलेल्या हायड्रोजनच्या रेषा म्हणजे हेच उतरणं होतं. त्याचा अर्थ पंधरा वर्षांनी लागला, आणि तुम्ही तो आत्ता दोन भागाकारांत लावलात.

सहावी पायरी: सूर्याभोवती ग्रह हे चित्र पुसा

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर इलेक्ट्रॉन ग्रहासारखे फिरताना दाखवतात. सुरुवातीला ते चित्र मदत करतं, नंतर फसवतं. विद्युतभार असलेला कण असा गोल फिरत राहिला तर प्रकाश फेकत फेकत सेकंदाच्या दहा हजार कोटीव्या भागाइतक्या वेळात केंद्रात कोसळायला हवा. अणू तर टिकून आहेत.

पायऱ्या कुठून येतात ते एकतारीवर कळतं. तार दोन्ही टोकांना बांधलेली असल्याने तिच्यावर एक फुगवटा मावतो, दोन मावतात, तीन मावतात. अडीच मावत नाहीत. इलेक्ट्रॉनलाही लाटेचा गुण असतो, हे लुई द ब्रॉयने १९२४ मध्ये मांडलं. निकेलच्या स्फटिकावरून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनमध्ये तो गुण डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये प्रत्यक्ष दाखवला. अणूत कोंडलेली ही लाट ठरावीक आकारांतच राहू शकते, आणि प्रत्येक आकाराची ऊर्जा ठरलेली असते. १९२६ मध्ये श्रोडिंगरने याचं समीकरण दिलं. त्यातून मिळणारी ऑर्बिटल्स म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, याचे ढगासारखे नकाशे. बोरची बारव हायड्रोजनला चपखल बसते, पण दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमलाच ती पुरत नाही. पुढचं सगळं या लाटांच्या हिशेबाने करावं लागतं.

सातवी पायरी: प्लांकचा स्थिरांक स्वतः मोजा

सुट्या भागांच्या दुकानातून लाल, हिरवा आणि निळा असे पारदर्शक टोपीचे एलईडी, एक किलोओहमचा रेझिस्टर, दहा किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (व्होल्ट कमी-जास्त करायचं फिरतं बटण) आणि नऊ व्होल्टची बॅटरी आणा. पोटेन्शिओमीटरची बाहेरची दोन टोकं बॅटरीला, मधलं टोक रेझिस्टरमधून एलईडीच्या लांब पायाला, आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. रेझिस्टर विसरलात तर एलईडी जळेल. व्होल्ट मोजायला मल्टिमीटर एलईडीच्या दोन पायांवर लावा.

खोलीत अंधार करा, बटण शून्यापासून हळूहळू फिरवा आणि एलईडी पहिल्यांदा मिणमिणला की तिथला व्होल्ट लिहा. लालला १.७ ते १.८ च्या आसपास, निळ्याला २.५ च्या आसपास आकडा येतो. आता व्होल्ट गुणिले तरंगलांबी करा. तिन्ही रंगांना उत्तर १२४० च्या जवळपास यायला हवं. हा १२४० प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांच्या गुणाकारातूनच येतो, म्हणून तो मिळाला की स्थिरांकच मोजला. दहा-पंधरा टक्के कमी आलं तर निराश होऊ नका: डोळा पहिला उजेड कधी पकडतो यावर ते अवलंबून असतं, आणि खोलीच्या उबेनेही इलेक्ट्रॉनला थोडा हात मिळतो. एकच रंग फार वेगळा आला तर तरंगलांबी चुकीची धरली असेल. खोक्यातून बघून ट्यूबलाइटच्या ४३६ आणि ५४६ शी ताडून घ्या.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला जाल, तेव्हा सीडीचा तुकडा खिशात ठेवा. खोका नको: लांबची ठिणगी स्वतःच इतकी बारीक असते की फटीची गरज पडत नाही. तुकडा डोळ्यासमोर धरून ठिणगीच्या थोडं बाजूला बघा. लाल दिसला तर स्ट्रॉन्शियम, हिरवा तर बेरियम, निळा तर तांबं. भगभगीत पिवळा दिसला तर ओळख सांगायला नकोच. तुकड्याच्या कडा घरूनच चिकटपट्टीने गुंडाळून न्या, गर्दीत कुणाचा हात कापायला नको.